ढिला ठेवलेला क्लँप

सोलापुरात प्लंबरचं पंचांग वेगळं असतं. त्यात सोमवार-मंगळवार नसतात. पाण्याचा दिवस असतो आणि पाणी भरून झाल्यानंतरचा दिवस असतो. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, आणि कुठल्या वेळेला येईल ते नळालाच ठाऊक. त्यामुळं घराची मुख्य लाइन तोडायची असेल तर आम्ही पाणी भरून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी तोडतो. पुढचं पाणी यायच्या आत जोडून, तपासून, वर चहा पिऊन मोकळं व्हायला तेवढा वेळ पुरतो. हे ज्याला कळलं नाही तो प्लंबर पूर्व भागात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, एकदाच काम करतो. दुसऱ्यांदा त्याला गल्लीत कुणी उभं करत नाही.

मी सिद्राम. मूळचा अक्कलकोटकडचा. घरी कानडी, धंद्यात मराठी, आणि विणकरांच्या घरी कामं करून करून पोटापुरतं तेलुगू. गुडघे कुरकुरायला लागले तसं काम कमी केलंय, बंद केलेलं नाही. बायको म्हणते, हे घरी बसले तर घरचा गळका नळ दुरुस्त करावा लागंल, म्हणून बाहेर पळतात. यात खोटं काही नाही.

जुन्या घराचे पाइप बदलणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या घरांत सगळीकडं लोखंडी पाइप. त्यावर आमचं पाणी. बोअरचं तर इतकं जड की चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरतो. तसाच थर पाइपाला आतून धरतो, त्यात गंज मिसळतो, आणि बाहेरून मात्र पाइप रंग मारून ठणठणीत. कापून बघितला तर आत करंगळीसुद्धा जात नाही. लोकांना सांगून पटत नाही. म्हणून मी कापलेला पहिला तुकडा घरच्या बाईच्या हातात देतो. ती एका डोळ्यानं आत बघते आणि या पाण्यात आपण इतकी वर्षं भात शिजवला म्हणून कपाळाला हात लावते. मग नवऱ्याचं काही चालत नाही, काम पक्कं होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात बघा. सात रस्त्याजवळच्या एका दुकानदारानं पाणी वर चढत नाही म्हणून मोटर बदलली. मग त्याहून मोठी आणली. मग टाकी बदलली. शेवटी वास्तूवाल्याला बोलावून टाकीची दिशाही बदलली. मी जाऊन एक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, उघडला, त्यातून लिंबाएवढा गंजाचा गोळा टपकन खाली पडला. मालक त्या गोळ्याकडं बघून म्हणाले, म्हणजे दिशा आधीच बरोबर होती. मी म्हटलं, दिशेचं काही चुकलेलं नव्हतं साहेब.

दुसऱ्या एका बाईंना भिंतीतले सगळे पाइप बदलून पाहिजे होते, पण लेकाचा साखरपुडा तोंडावर म्हणून टाइल एकही फुटायला नको होती. मी म्हटलं, ताई, त्याला प्लंबर नाही, दुर्बिणीनं ऑपरेशन करणारा डॉक्टर लागतो. त्यांनी तसा कुणी ओळखीचा आहे का म्हणून विचारलं.

आता प्लास्टिकचे पाइप आले. कापा, डिंक लावा, चिकटवा. आम्ही लोखंडाला शिकंज्यात धरून हातानं आटे पाडायचो, तागाचे धागे गुंडाळून सफेदा लावायचो, आणि दोन हातांनी पाना ओढून जोड असा बसवायचो की थेंब म्हणून बाहेर येणार नाही. खांद्याचं पार भजं व्हायचं. प्लास्टिकनं खांदे वाचवले, त्याचा मी ऋणी आहे. पण हातातली एक कला गेली, त्याचं वाईट वाटतं, हे पण खरं.

माझा जोड गळत नाही आणि माझा पाइप वाजत नाही, ही माझी फुशारकी. पाइप वाजतो म्हणजे त्याला भिंतीशी धरणारे क्लँप ढिले, म्हणजे कारागीर ढिला. पण एका घरात मी स्वतःच्या हातानं क्लँप ढिला ठेवून आलोय.

घर श्रीनिवासचं, पूर्व भागात. त्याच्या वडलांनी मागाच्या चांगल्या दिवसांत बांधलेलं. खालच्या खोलीत पूर्वी चार माग होते. ते भंगारात गेले आणि तिथं आता शिलाई मशिनी आहेत. श्रीनिवास आणि त्याची बायको पद्मा शाळेचे गणवेश शिवून देतात. माणसं कष्टाळू, बोलायला गोड. घरातले सगळे पाइप बदलायचे, जमलं तर भिंतीत लपवायचे, असं ठरलं.

मापं घ्यायला गेलो तर पुढच्या पडवीत, जिथून लाइन घरात येते तिथं, एक म्हातारा स्टुलावर बसलेला. उजवा हात मागं वळवून उभ्या लोखंडी पाइपाला टेकवलेला. मी नमस्कार केला, त्यानं मान हलवली, हात काही काढला नाही. मला वाटलं अशक्तपणा असंल, आधाराला धरलाय.

ते श्रीनिवासचे वडील, नरसय्या. गल्ली त्यांना तात म्हणते. तात म्हणजे तेलुगूत आजोबा. त्यांना ऐकू येत नव्हतं. एका खोलीत चार माग धडधडायला लागले की शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा ओठ बघून बोलावं लागतं. उमर त्यात गेली की कान मागावरच राहतात. पूर्व भागात असे म्हातारे घरोघर भेटतील. तातांशी बोलायचं म्हणजे समोर बसायचं आणि सावकाश ओठ हलवायचे, आवाज काढला नाही तरी चालतं.

मी टेप लावत होतो तेवढ्यात तात एकदम ताठ झाले. तोंड गल्लीकडं करून ओरडले, "नीळ्ळु वच्चिनय!" पाणी आलं. मी नळाकडं बघितलं. नळ कोरडा ठक्क. पण गल्लीतली दारं धडाधड उघडली, बायका पाइपा-बादल्या घेऊन बाहेर, कुणी मोटरीचं बटण दाबायला पळतंय, कुणी पोराला हौदाचं झाकण काढायला लावतंय. मग कुठं नळ फुसफुसला, हवा आली, आणि हवेच्या मागून पाणी.

पद्मानं मला समजावलं. पाण्याच्या आधी लाइनीतली हवा पुढं ढकलली जाते. जुन्या, आतून चोंदलेल्या पाइपातून ती हवा घुसली की पाइप थरथरतो. बघणाऱ्याला दिसत नाही, पण मामांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, हाताला कळतं. हे घर लाइनीवर पहिलं, त्यामुळं त्यांनी हाक दिली की सगळ्या गल्लीला तयारीला वेळ मिळतो. पाण्याच्या दिवशी मामा सकाळी अंघोळ करून स्टुलावर बसतात ते पाणी येईपर्यंत उठत नाहीत, जेवणसुद्धा तिथंच. माग गेल्यापासून हेच त्यांचं काम, असं ती म्हणाली.

मी टेप गुंडाळला आणि श्रीनिवासला बाजूला घेतलं. म्हटलं, लोखंड काढून भिंतीत प्लास्टिक घातलं तर वडलांच्या हाताला काय लागणार? त्यानं याचा विचार केला होता. हौदात पाणी पडलं की घंटी वाजंल असं एक यंत्र त्यानं आणून ठेवलं होतं. म्हणाला, बाबांनी आता आराम करावा, दिवसदिवस स्टुलावर बसून कंबर धरते त्यांची. पोरगा वाईट नव्हता. वडलांच्या कमरेची काळजी करणारा पोरगा वाईट कसा म्हणायचा?

तात आमचे ओठ बघत होते हे आमच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मिस्त्री, हे लोखंड काढणार तुमी?"

मी मान हलवली.

"मग मी कुटं बसू?"

श्रीनिवास जमिनीकडं बघायला लागला. तोडगा मग मीच काढला, आणि काढताना मला स्वतःचं लई कौतुक वाटलं. घरात सगळीकडं प्लास्टिक, पण मीटरपासून पडवीपर्यंतचा उभा पाइप लोखंडाचाच ठेवायचा. नवा, जाड, भिंतीच्या बाहेर, अगदी तातांच्या स्टुलाशेजारी. दोन्ही जातीचे पाइप जोडायला पितळी आटे मिळतात, अडचण काही नाही. श्रीनिवास लगेच हो म्हणाला. तातांना पाइपाचा नवा नग दाखवला, त्यांनी त्याच्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली.

पाणी भरून झाल्याच्या दुसऱ्या सकाळी लाइन तोडली. भिंतींना झिऱ्या मारल्या, घरभर सिमेंटचा धुरळा, पद्मानं मशिनींवर चादरी टाकल्या. जुने पाइप निघाले ते पडवीत रचले आणि संध्याकाळी भंगारवाला घेऊन गेला. पडवीतला नवा पाइप मी जीव लावून बसवला. नव्या पद्धतीचं काम करून कंटाळलो होतो, बऱ्याच दिवसांनी हातानं आटे पाडायला मिळाले. क्लँप असे आवळले की पाइप आणि भिंत जणू एकच. तातांनी माझं काम बघितलं आणि पाठीवर थाप मारली. कारागिराची थाप कारागिराला कळते, मी खूश झालो.

पाण्याच्या दिवशी दुपारी पद्माचा फोन आला. "मिस्त्री, येता का जरा?" एवढंच म्हणाली.

गेलो तर पडवीतलं स्टूल रिकामं. झालं होतं असं की तात सकाळपासून पाइपाला हात लावून बसले होते आणि पाणी येऊन गेलं. हौदातली घंटी वाजली, पद्मा आत धावली, घरचं पाणी भरलं. गल्ली मात्र तातांच्या हाकेची वाट बघत स्वयंपाकात, टीव्हीत. कुणाच्या तरी लक्षात येईपर्यंत निम्मा जोर संपला होता. चार दिवसांचं पाणी म्हणजे काय असतं ते ज्याच्या हौदाचा तळ दिसतो त्यालाच ठाऊक. बायका दारात आल्या. एकीनं चिडून विचारलं, काय तात, आज झोप लागली का? ती हळू बोलली, पण ओठ तर हललेच.

तात आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसले होते. जेवले नव्हते. मी समोर जाऊन बसलो. त्यांनी उजवा तळवा माझ्यापुढं धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"कान गेला. आता हात पन गेला."

मी ओठ हलवून सांगितलं की हात नाही, पाइप. त्यांनी ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं. तू चांगला माणूस आहेस, माझी समजूत काढतोस, असं ते थोपटणं होतं. मी त्यांचा हात धरून शिलाई मशिनीवर ठेवला आणि पद्माला मशीन चालवायला लावली. मशीन थरथरली. ते म्हणाले, हे तर लहान पोराला पन कळंल. आणि हात काढून घेतला.

मी पडवीत येऊन त्या माझ्या सुंदर पाइपाकडं बघत उभा राहिलो. अहो, तो थरथरणार कसा? नवा कोरा, आतून मोकळा ढाकळा. हवा सुळकन निघून जात होती. त्यावर सिद्राम मिस्त्रीचे क्लँप. पाइप गप्प बसावा म्हणून उभ्या जन्मात जे जे शिकलो ते सगळं मी तिथं ओतलं होतं. काम उत्तम झालं होतं आणि म्हातारा खचला होता. माझा राग मला कुणावर काढावा कळेना, म्हणून मी पान्याला शिव्या दिल्या.

मग स्कूटरला किक मारली आणि भंगारवाल्याकडं गेलो. जुने पाइप अजून ढिगात होते. उकरून उकरून तातांच्या पडवीतला पाइप शोधला. निळ्या रंगाचा, आणि एका जागी रंग पार उडून लोखंड चकचकीत झालेलं. तिथं हात टेकायचा त्यांचा. भंगारवाल्याला मी ओळखीचा. तो हसून हसून लाल झाला.

"क्या चाचा, नये पाइप डालनेवाले तुम, और सडेला वापस लेको जारे?"

मी म्हटलं, हौ, शोकेसमधी ठेवणार हाय.

काम तसं सोपं होतं, फक्त मनाला पटवायचं होतं. मुख्य लाइन तशीच राहू दिली. तिला पडवीत एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, काढली आणि त्यावर जुन्या पाइपाचा हातभर तुकडा उभा बसवला, तोच चकचकीत भाग धरून. वरच्या टोकाला एक लहान नळ. नळ उघडा ठेवला की लाइनीतली हवा आधी या चोंदलेल्या तुकड्यातून धडपडत बाहेर पडणार, आणि पाणी आलं की नळ बंद करायचा. घरात जाणाऱ्या पाण्याचा या गंजक्या तुकड्याशी संबंध नाही, ते पद्माला दोनदा समजावून सांगितलं, कारण तिनं कापलेला पाइप आतून बघितलेला होता. तुकड्याला एकच क्लँप मारला. आणि तो आवळता आवळता थांबलो, उलटा फिरवून ढिला केला. हलवून बघितला, खडखडला. माझ्या उस्तादांनी ते बघितलं असतं तर पाना फेकून मारला असता.

पुन्हा कुणी तरुण प्लंबर येऊन पुण्यकर्म करू नये म्हणून मी भिंतीवर तेलरंगानं लिहून ठेवलं, ‘हा क्लँप आवळू नये.’ श्रीनिवासनं विचारलं, कारण नको का लिहायला? मी म्हटलं, कारण मोठं हाय, भिंत पुरणार नाही.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी दुसरं काम सोडून सकाळीच गेलो. पण तात पडवीत यायला तयार नाहीत. पद्मानं विनवलं, श्रीनिवासनं हात धरला. ते आतल्या खोलीत गणवेशाची बटणं निवडत बसले. मोठी एकीकडं, लहान एकीकडं. वर बघेनात. वर बघितलं नाही तर बहिऱ्या माणसाला काही सांगताही येत नाही, त्यांनी चांगलीच कडी लावून घेतली होती.

मला भीती वाटत होती ती वेगळीच. समजा हे येऊन बसले आणि माझा तुकडा आजही गप्प राहिला तर? मग या माणसाला पुन्हा कुणी स्टुलावर बसवू शकणार नाही. ते मला झेपलं नसतं.

शेवटी मीच स्टुलावर बसलो. खोलीचं दार उघडं, त्यांना मी दिसत होतो. पाइप मुठीत गच्च आवळून धरला, म्हटलं आपल्याला तरी काय कळतंय बघू. काही कळत नव्हतं. मूठ बदलली. दोन्ही हातांनी धरला. दुपार झाली. गल्लीत बायका उंबऱ्याशी येऊन माझ्याकडं बघून जात होत्या, आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल फारसा आदर नव्हता.

कुणीतरी माझ्या मनगटावर चापट मारली. तात उभे होते, चेहरा वैतागलेला.

"असं धरतात व्हय? बैलाचं शेपूट हाय का ते?"

त्यांनी माझी मूठ सोडवली. माझी बोटं उलटी केली आणि नखांकडची बाजू पाइपाला नुसती टेकवली. मागावर ताण्याचं उभं सूत किती ओढलंय ते असंच बघायचं असतं म्हणे, तळव्यानं नाही. तळवा राबून राबून जाड होतो, मागची बाजू जिवंत राहते. मी टेकवली. त्यांनी मान हलवली, नाही, जास्त दाबतोस. पुन्हा टेकवली. पुन्हा नाही. मग त्यांना माझा अडाणीपणा बघवेना. त्यांनी मला दंडाला धरून स्टुलावरून उठवलं आणि दाखवतो बघ म्हणून स्वतः बसले. हात मागं नेला. ती घासलेली, चकचकीत जागा बोटांना लागली तशी त्यांनी वळून पाइपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

मी शेजारी जमिनीवर बसलो. पद्मा दारात, मशीन बंद करून. श्रीनिवासनं हौदातल्या घंटीची वायर काढून ठेवली होती, ते मला नंतर कळलं. आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो आणि तात गल्लीकडं.

मला काहीही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. तात ताठ झाले. पण ओरडले नाहीत. डोळे बारीक करून थांबले. मागच्या वेळचं मनात असणार. त्यांनी बोटं पाइपावरून उचलली, पुन्हा टेकवली. मग उभे राहिले आणि छाती भरून हाक दिली, आणि दारं उघडायच्या आत दुसरी दिली.

गल्ली पळायला लागली. कुणाची बादली गडगडली, कुणी पोराला हाका मारल्या, मोटरी सुरू झाल्या. त्या गोंधळात कुणी तातांकडं बघितलंसुद्धा नाही, नेहमीसारखं. मग त्या लहान नळातून फुस्स झालं आणि तुकडा ढिल्या क्लँपात असा खडखडायला लागला की प्लंबर म्हणून मला मान खाली घालावी लागली.

पाणी नळाशी आलं, मी उठून नळ बंद केला. तात स्टुलावर बसले. हात मांडीवर घेऊन त्यांनी बोटं एकेक करून चोळली, जशी कुणी लहान लेकराची चोळतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "हात गेला न्हाय."

मी ओठ हलवले, नाही गेला. त्यांनी ते बघितलं नाही. पद्मानं आणलेलं ताट त्यांनी मांडीवर घेतलं होतं आणि ते जेवत होते.